कोपऱ्यावरच्यांपेक्षा कमी नको

माझ्या आईला कुठल्याही गोष्टीची एकटीची किंमत करता येत नाही. शेजारी दुसरी ठेवली की लगेच जमतं. भेंडी कोवळी आहे का, हे ती कधी सांगणार नाही; परवाच्यापेक्षा जून आहे, एवढंच सांगेल. आमटी बरी झालीय म्हणजे कालच्यापेक्षा बरी. डॉक्टर चांगला म्हणजे आधीच्यापेक्षा कमी बोलतो.

तिचं माहेर पार्ल्याचं. लग्न होऊन मुलुंडला आली ती आपल्याला नाशकाच्या वाटेवर कुठेतरी दिलंय अशा समजुतीनेच. पन्नासच्या वर वर्षं झाली, पण मुलुंडला अजून पार्ल्याच्या शेजारी उभं राहून मार खावा लागतो. पार्ल्याला स्टेशन चालत, पार्ल्याला भाजी ताजी, पार्ल्याला सकाळी फॅक्टरीतून बिस्किटांचा वास यायचा. "इथे कशाचा वास येतो?" असं ती वडिलांना विचारायची. वडील पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "इथे नुसती हवा येते. तिला वास नसतो." वडील गेले, पार्ल्याची ती फॅक्टरीही बंद झाली, पण तुलना चालूच आहे.

तिच्या या सवयीचा सगळ्यात जास्त मारा अर्थातच माझ्यावर झाला. मी एकुलती एक. वर्गात दुसरी आले की ती विचारायची, "पहिली कोण?" पहिली आले की विचारायची, "किती मार्कांनी?" तिच्या बहिणीला तीन मुली, तिघींची वेळेवर लग्नं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्या बाबतीत मला शून्यच. "तुला मुलगी नको होती, प्रगतिपुस्तक हवं होतं," असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणाले. "प्रगतिपुस्तक उलटून तरी बोलत नाही," ती म्हणाली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.

आता नशिबाची गंमत बघा. जिच्या तुलनांना कंटाळून मी मोठी झाले, तिच्याच मुलीने पोटापाण्यासाठी तुलनाच निवडली. अंधेरीला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. कंपन्या आमच्याकडे येतात आणि विचारतात, आमच्यासारखे बाकीचे आपल्या माणसांना काय देतात? पगार, रजा, विमा, जेवण फुकट की अर्ध्या पैशात. आम्ही तशाच दहा-बारा कंपन्या शेजारी-शेजारी मांडतो आणि यांचा नंबर कितवा ते दाखवतो. सव्वीस वर्षं मी हे तक्ते करतेय. एका गोष्टीचं मला अजून हसू येतं. तक्ता बघून झाला की प्रत्येक साहेब म्हणतो, "आम्हाला फार वर नको. फक्त बाकीच्यांच्या थोडं वर." सगळेच असं म्हणतात. मग सगळेच थोडं वर जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांना आपण मागे पडल्यासारखं वाटतं. नव्या लोकांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. शिकवते म्हणजे मला ते कळतं, असा माझा समज होता.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, तळमजला अधिक तीन. लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे चोपन्न. हा हिशोब आईचा. ती दर वेळी मोजत चढायची, जणू मधल्या काळात कुणीतरी एखादी वाढवली असेल. संध्याकाळी साडेपाचला ती खाली उतरायची आणि गल्लीच्या मध्यावर, बदामाच्या झाडाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायची. तिथे त्यांची तिघींची बैठक असे. एक आई. दुसरी कोपऱ्यावरच्या सोसायटीतल्या मालवणी मावशी. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मावशींनी मसाले कुटून विकले आणि मुलाला शिकवलं. तिसऱ्या समोरच्या सोसायटीतल्या, आवाजाने बारीक आणि बातम्यांनी पक्क्या. तासभर तिघी एकमेकींची सून, साखर आणि गुडघे यांची तुलना करत. आईला माझ्याखेरीज कुणाची गरज असेल तर ती या बाकाची होती.

मग गल्लीत पुनर्विकासाचं वारं शिरलं. ज्यांनी उपनगरात घर घेतलंय त्यांना हे वारं नव्याने सांगायला नको. एखादा बिल्डर येतो, चहा पिऊन जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून चाळीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं कार्पेट एरियाच्या भाषेत बोलू लागतात. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. लहानपणी मला गणित शिकवायचे. ते एका रविवारी वर आले, चोपन्न पायऱ्यांचा दम खाल्ला आणि म्हणाले, "तू ऑफिसात हेच करतेस ना गं? कोण कुणापेक्षा बरं ते? मग आपल्या सोसायटीचंही करून दे. गल्लीत कुणाला काय ऑफर आलीय, एका कागदावर आण."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गल्लीतल्या पाच सोसायट्यांचा मी तक्ता केला. प्रत्येकाला किती जागा वाढवून मिळणार, पार्किंग किती, काम चालू असताना भाडं किती, मजले किती, लिफ्ट किती. जिथे सगळ्यात चांगलं असेल तो चौकोन फिकट पिवळा. खाली बारीक अक्षरात टीप, की माहिती ऐकीव आहे. पुढच्या सभेत काकांनी तो सगळ्यांना वाटला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं चहा विसरून तो वाचत होती. फ्लॅट आईच्या नावावर, मी नुसती सहसदस्य; पण त्या दिवसापासून सभेत माझ्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवू लागले.

त्याच सभेत लिफ्टचा विषय होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो आणला होता. ट्रॉम्ब्याला आयुष्यभर नोकरी केलेला माणूस, कमी बोलणारा. त्यांनी ग्राफपेपरवर नकाशा काढून आणला होता. जुन्या बिल्डिंगीला बाहेरून लिफ्ट लावता येते. ती मजल्यावर उघडत नाही, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडते. "म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांना नऊ पायऱ्या उतरायच्या. बाकीच्या पंचेचाळीस वाचल्या," ते म्हणाले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण नऊ म्हणताना माझ्याकडे बघितलं.

"अहो, दोन वर्षांत बिल्डिंग पाडायचीय," सेक्रेटरी काका म्हणाले. "नव्यात दोन-दोन लिफ्ट आहेत. पाडायच्या घराला तोरण कशाला?"

लोक हसले. कुणीतरी मला विचारलं, "तुमचा तक्ता काय म्हणतो?" तक्त्यात लिफ्टचा रकाना होताच. सध्याची लिफ्ट: पाचही सोसायट्यांपुढे 'नाही'. मी उभी राहिले आणि तेच वाचून दाखवलं. गल्लीत कुणीही लावलेली नाही, मग आपणच कशाला, असं म्हणाले. ऑफिसातला आवाज लावला होता मी, तो मला अजून आठवतो. पुनर्विकास होईपर्यंत विषय स्थगित, असा ठराव झाला. सूचक सेक्रेटरी काका. "अनुमोदक कोण?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "लिफ्टचं काय ठरलं गं?" मी म्हणाले, "पुढे ढकललंय. नव्या बिल्डिंगीत होणारच आहे." बाकीचं सांगायची गरज वाटली नाही. तेव्हा ती कठड्याला धरून का होईना, रोज उतरत होती.

पुढे काय झालं ते गल्लीतला कुणीही सांगेल. समोरच्या सोसायटीने आलेली पहिली बरी ऑफर घेतली आणि सही करून मोकळी झाली. आम्ही त्यांना हसलो. "एवढ्यावर राजी झाले? वेडे आहेत." त्यांची बिल्डिंग पाडली, बाकावरच्या त्या तिसऱ्या बाई मुलाकडे बोरिवलीला गेल्या. आमचीही सही होणार होती, पण नेमक्या त्याच आठवड्यात कळलं की कोपऱ्यावरच्या सोसायटीला प्रत्येकी पंचवीस फूट जास्त कबूल झालेत. झालं. आमच्या सभेत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं: कोपऱ्यावरच्यांपेक्षा कमी नको. बिल्डरने कुरकुरत आमचे तीस फूट वाढवले. ते कोपऱ्यावर कळलं आणि त्यांनी सही थांबवली. त्यांचे वाढले तसे आम्ही थांबलो. एक बिल्डर कंटाळून गेला, दुसरा आला, त्यानेही चहा प्यायला. मी दर वेळी तक्ता सुधारत होते. त्याची अकरावी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर अजून आहे. दोन वर्षांची पाच झाली, आणि आमच्या दोन्ही बिल्डिंगींची वीटसुद्धा हलली नाही.

आईचे गुडघे मात्र कुणाच्या ऑफरसाठी थांबले नाहीत. आधी ती एक दिवसाआड उतरायला लागली. मग रविवारी, माझा हात धरून. मग फक्त डॉक्टरकडे आणि गणपतीत. शेवटी डॉक्टरकडे जाताना दोन वॉचमन तिला खुर्चीत बसवून उतरवू लागले. "वरात निघाली," असं ती पहिल्यांदा म्हणाली आणि सगळ्यांना हसवलं. दुसऱ्यांदा काही बोलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "डॉक्टरलाच वर बोलव." त्यानंतर ती दोन वर्षं खाली उतरली नाही. भाजीवाल्यासाठी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची. भाव करायची. टोपली वर आली की कोथिंबीर हुंगून म्हणायची, "पार्ल्याला याहून बरी मिळते."

आमच्या खिडकीतून बाक दिसत नाही, बदामाच्या पानांनी झाकलाय. मी ऑफिसातून साडेसातला घरी यायची. चपला काढायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला. "मालवणीण बसली होती का गं खाली?"

मी म्हणायची, "हो."

मी बघितलेलं नसायचं. अंधेरीहून बसने मुलुंड गाठायचं, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर दीड तास उभं राहायचं, त्यानंतर गल्लीत शिरताना माझं लक्ष फक्त चोपन्न पायऱ्यांवर असायचं. आणि तशीही मालवणी मावशी साडेसातपर्यंत बाकावर कशाला बसतील? पण 'हो' म्हटलं की विषय संपायचा. ऑफिसात कुणी एक आकडा न तपासता भरला तर मी त्याला सगळ्यांसमोर झापते. आईला मी दोन वर्षं न तपासलेला आकडा देत होते.

"बसत असणारच," ती म्हणायची. "कोकणातले पाय. आमचे पार्ल्याचे पाय नाजूक." मावशींना फोन कर म्हटलं तर म्हणायची, "तिला फोनवर ऐकू येत नाही. आणि काय सांगू? मी वर अडकलेय म्हणून?"

गेल्या वर्षी एका रविवारी सेक्रेटरी काकांनी मला खाली गाठलं. कोपऱ्यावरच्यांना म्हणे नवीन ऑफर आलीय. "तुझी ओळख आहे ना तिथे, मालवणी मावशींकडे? सहज गेल्यासारखी जा. आकडा काढून आण." मीही निघाले. आईला सांगितलं तशी ती लगबगीने उठली, म्हणजे तिच्या हिशोबाने लगबगीने, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली. "तिला दे. आणि विचारलंच तर माझी तब्येत ठणठणीत आहे म्हणून सांग. गुडघ्यांचं काही बोलू नकोस."

मावशी दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलाने दार उघडलं, चहा टाकायला सांगितलं आणि मी विषय काढायच्या आधीच त्याने काढला. मोबाइल पुढे केला. "बघा ताई, आमच्याकडे सगळा अभ्यास आहे. मागच्या सोसायटीने कुणा एक्सपर्टकडून करून घेतलाय, आम्हाला फॉरवर्ड आला. यावरूनच आम्ही ठरवतो, त्यांच्यापेक्षा कमी घ्यायचं नाही."

माझाच तक्ता होता. सातवी आवृत्ती. फिकट पिवळे चौकोन, खाली बारीक अक्षरातली टीप. आम्ही ज्यांच्याकडे बघून थांबलो होतो, ते माझ्याच कागदाकडे बघून थांबले होते. आमची सोसायटी त्यांच्या दृष्टीने मागची होती, एवढाच फरक. मी चहाचा घोट घेतला आणि तो एक्सपर्ट कोण ते सांगितलं नाही.

मावशी आतल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांची खिडकी पलीकडच्या रस्त्यावर उघडते. पाय स्टुलावर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मी बरणी दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि मोठ्याने, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा बोलल्या, "आवस येता मां गो रोज खाली?"

आवस म्हणजे आई. मी बरणीचं झाकण परत लावलं.

"सून सांगता, बसलेली असता बाकार," त्या म्हणाल्या. "माका बरा वाटता. तिचे गुडघे माझ्यापरास बरे. मीच मागे रवलय. दोन वर्सां झाली, ह्यो जिनो उतराक नाय."

मी दाराकडे बघितलं. चहाचा ट्रे घेऊन त्यांची सून उभी होती. ती चेंबूरला नोकरीला जाते, माझ्याच वेळेला थकून परत येते. तिने नजर खाली घातली. मला तिचा रागही आला नाही. तिनेही रोज चपला काढता काढता 'हो' म्हटलं असणार.

"नाही येत मावशी," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "आईलाही दोन वर्षं झाली. तीही वरच आहे."

त्यांना ऐकू आलं की नाही कळेना. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे बाक रिकामोच?" आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि पदराने पुसत राहिल्या. सुनेने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा बाकाकडे बघितलं. त्यावर कुणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं होतं आणि बदामाची पानं पडली होती. झाडलेला दिसत नव्हता.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं मी तिच्यावर जळतेय गं." आणि थोड्या वेळाने, "तू तर म्हणायचीस, बसलेली असते."

"मी बघत नव्हते," मी म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून दोरीची टोपली नीट गुंडाळून ठेवायला लागली, जी आधीच नीट होती. मला लाज वाटली. इतकी की त्या रात्री मी जेवताना तिच्याकडे बघू शकले नाही.

पुढच्या सभेत सेक्रेटरी काकांनी विचारलं, "काय गं, आकडा आणलास?" मी म्हणाले, "नाही. लिफ्टचा विषय घ्या."

"लिफ्ट? गल्लीत कुणी लावलीय?"

"कुणीच नाही. आपण पहिले."

"आणि बिल्डिंग पाडायची झाली तर?"

"काका, पाच वर्षं झाली. पाडायची होईल तेव्हा लिफ्ट काढून विकू. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसांचं काय लोणचं घालायचं?"

"वा! पण तेव्हा तूच अनुमोदक होतीस," ते म्हणाले. बँकेतला माणूस, कागद विसरत नाही.

"म्हणूनच आता सूचक मी."

ट्रॉम्ब्याच्या काकांनी पिशवीतून तोच ग्राफपेपर काढला. घड्यांवर पिवळा पडला होता. "अनुमोदक मी," ते म्हणाले, आणि इतकंच. तिघे विरोधात होते, बाकीच्यांनी हात वर केले. तक्ता मी त्या दिवशी नेलाच नव्हता.

परवानग्या, कागद, पाया, सांगाडा यात दहा महिने गेले. लोखंडी सांगाडा दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला तेव्हा कोपऱ्यावरच्या सोसायटीने तातडीची सभा बोलावली. मागच्यांना लिफ्ट, मग आम्हाला का नाही? एका बैठकीत ठराव पास. शिवाय आमची चार माणसांची, म्हणून त्यांनी सहा माणसांची घेतली. मावशींच्या मुलाने मला हे अभिमानाने सांगितलं आणि मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. पाच वर्षं जी खोड आम्हाला छळत होती तीच एकदाची कामाला आली.

आमची लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी मी रजा घेतली. आईने इस्त्रीची साडी नेसली, केसांना तेल लावलं, काठी घेतली. दारापासून नऊ पायऱ्या. मी तिच्या एक पायरी पुढे, उलटी उतरत होते. तिने एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवला होता. पाचव्या पायरीवर ती थांबली. दम खात उभी राहिली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता आणि मला तिथून कुठे जाता येत नव्हतं.

मी म्हणाले, "आई, सहा वर्षांपूर्वी लिफ्ट नको म्हणून हात वर केला तो मी."

"माहितीय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सभेचं इतिवृत्त येतं ना घरी. माझ्याच नावाने येतं. वाचते मी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. तुझं नाव होतं."

"मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं?"

तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "काय बोलायचं? अख्ख्या बिल्डिंगीत कुणाची मुलगी सभेत उभी राहून बोलते? दोन-दोन मुलगे आहेत लोकांना, कुणी खाली उतरत नाही. तू बोललीस आणि सगळ्यांनी तुझं ऐकलं. मी दुसऱ्याच दिवशी बाकावर जाऊन सांगितलं दोघींना. म्हटलं, आमच्या सोसायटीत माझ्या मुलीशिवाय ठराव होत नाही."

पहिली आले तेव्हा मिळालं नाही, नोकरी लागली तेव्हा मिळालं नाही. आयुष्यभर ज्या एका वाक्याची मी वाट बघत होते, ते तिने माझ्या त्या ठरावासाठी खर्च केलं होतं. आणि त्याच्या मोबदल्यात ती जवळजवळ तीन वर्षं खिडकीत बसली होती. मला तिथेच जिन्यात रडू आलं.

"रडतेस काय? पाय घसरेल माझा," ती म्हणाली. "उतर. चार राहिल्यात."

आम्ही त्या चार उतरलो. लिफ्टचं दार उघडलं, आत गेलो, आणि ती चारी बाजूंनी ठोकून बघत म्हणाली, "कोपऱ्यावरच्यांची मोठी आहे ना?"

"सहा माणसांची," मी डोळे पुसत म्हणाले.

"असू दे. ती सुरू कधी होतेय ते विचार. आणि या वेळी स्वतः जाऊन बघून ये."